स्पोर्ट्स कारला परफॉर्मन्स ब्रेक रोटर: कधी घ्यावेत, कोणते घ्यावेत, कसे बसवावेत

मोकळा, कोरडा रस्ता बघा. मागेपुढे कोणी नाही याची खात्री करा आणि ताशी १०० किलोमीटर वेगावरून ब्रेक पेडल एकदा पूर्ण दाबा. एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) खडखड पायाला जाणवली, तर कंपनीच्याच ब्रेकमध्ये चाक लॉक करण्याइतकी ताकद आहे हे नक्की. आता त्या गाडीला कितीही भारी रोटर लावले तरी हा एक ब्रेक मारताना गाडी आधीपेक्षा कमी अंतरात थांबणार नाही. तिथे मर्यादा टायरच्या पकडीची आहे. एका ब्रेकचे अंतर कमी करायचे असेल, तर रोटरचे पैसे चांगल्या टायरला घाला.

मग रोटरचा उपयोग कुठे होतो? दहाव्या, पंधराव्या, विसाव्या ब्रेकला. रोटर म्हणजे चाकासोबत फिरणारी, उष्णता साठवायची आणि हवेला द्यायची बिडाची तबकडी. रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारला ही तबकडी क्वचितच कमी पडते. ट्रॅकवर किंवा लांब घाटउतारावर कमी पडू शकते. पण तिथेही ती कमी पडण्याआधी बहुतेक वेळा ब्रेक ऑइल आणि पॅड (रोटरवर दाबून घासणारे तुकडे) हात टेकतात.

उष्णतेचा हिशेब

१५०० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणली, तर सुमारे १९.५ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. हवेचा आणि इंजिनाचा विरोध सध्या सोडून देऊ. यातला ७० टक्के भार पुढच्या ब्रेकवर धरला, तर पुढच्या एकेका रोटरला सुमारे ६.८ लाख ज्यूल सोसावे लागतात. पॅड जिथे घासतो त्या कड्याचे वजन ८ किलो असेल, तर या एका ब्रेकमध्ये त्याचे तापमान सुमारे १७० अंश सेल्सिअसने वाढते. कडे १० किलोचे असेल, तर वाढ १३५ अंशांच्या आसपास राहते.

हा ब्रेक साडेतीन-चार सेकंदांत संपतो. तेवढ्या वेळात हवा फारशी उष्णता नेऊ शकत नाही. म्हणजे एका ब्रेकमध्ये तापमान किती चढणार ते लोखंडाचे वजन ठरवते. पुढच्या वळणापर्यंत ते किती उतरणार हे हवेवर अवलंबून असते, म्हणजे रोटरच्या दोन पृष्ठभागांमधल्या पाकळ्यांमधून किती हवा खेळते त्यावर. रोटर निवडताना पाहायच्या गोष्टी या दोनच: कड्याचे वजन आणि आतून जाणारी हवा. जाहिरातीतल्या फोटोत ठळक दिसतात ती भोके आणि चरे. त्यांचा नंबर फार नंतर लागतो.

आधी दुखणे ओळखा

ट्रॅकवर ब्रेक 'गेले' असे सगळेच म्हणतात, पण ते जाण्याचे प्रकार वेगळे आहेत. कोणता प्रकार झाला ते पायाला कळते.

पेडल मऊ पडले, खोल गेले, दोनदा-तीनदा मारल्यावर थोडे वर आले, तर कॅलिपरमध्ये (पॅड रोटरवर दाबणाऱ्या भागात) ब्रेक ऑइल उकळले आहे. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल स्पंजासारखे लागते. पेडल नेहमीइतकेच कडक आहे पण गाडी थांबत नाही, सोबत जळका वास येतो, तर पॅड त्याच्या तापमानाबाहेर गेला आहे. पेडलला किंवा स्टिअरिंगला थरथर येते, तर रोटरच्या जाडीत फरक पडला आहे किंवा त्यावर पॅडचे थर असमान चिकटले आहेत. यालाच लोक 'रोटर वाकला' म्हणतात. खरोखर वाकलेला रोटर फार क्वचित सापडतो.

पहिल्या दोन दुखण्यांवर नवा रोटर हा थेट उपाय नाही. तिसऱ्यासाठी रोटर बदलावा लागू शकतो, पण कारण तेच राहिले तर महागडा रोटरही महिनाभरात तशीच थरथर देईल.

रोटरच्या आधी काय बदलावे

सुरुवात ऑइलपासून करा. डॉट ४ ऑइलचा (डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान उत्कलनबिंदू नवे असताना २३० अंश आणि ओलावा शोषल्यावर १५५ अंश. डॉट ५.१ चे तेच आकडे २६० आणि १८०. ट्रॅकसाठीची खास ऑइले नवी असताना ३०० अंशांच्या वर जातात, पण ओलावाही लवकर धरतात. त्यामुळे ती ठराविक मुदतीने बदलावीच लागतात. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे ऑइल आहे, नाव ५.१ सारखे असले तरी. ते इतर ऑइलांत मिसळायचे नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचे नाही. पूर्ण सिस्टिममधले ऑइल बदलायला साधारण एक लिटर हाताशी ठेवा. उघडून ठेवलेला डबा पुढच्या हंगामासाठी जपू नका.

त्यानंतर पॅड. रस्त्यावरचे साधे पॅड साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे पकड सोडू लागतात. ट्रॅकचे पॅड सहाशेच्या वरही टिकतात. मात्र थंडीत ते किंचाळतात, पहिल्या ब्रेकला कमी धरतात आणि रोटर जास्त खातात. रोज ऑफिसला नेणाऱ्या गाडीत पूर्ण रेसचे पॅड घालणे शहाणपणाचे नाही. ट्रॅकच्या दिवशी बदलायचे आणि परत येऊन काढायचे, असा वेगळा जोड ठेवणे बरे.

तिसरी गोष्ट हवा. बंपरच्या पुढून ७५ मिलिमीटर व्यासाची उष्णतारोधक नळी रोटरच्या मध्यापर्यंत नेली, तर तापमान चांगलेच उतरते. नळीचे तोंड हबजवळच्या (चाक आणि रोटर ज्यावर बसतात त्या मधल्या भागाजवळच्या) पोकळीकडे हवे, म्हणजे हवा पाकळ्यांमधून बाहेर फेकली जाते. तोंड रोटरच्या आतल्या सपाट पृष्ठभागावर रोखले, तर एक बाजू थंड आणि दुसरी तापलेली राहते. मग कडे छत्रीसारखे किंचित कलते आणि तडे लवकर येतात. नळी बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ती टायरला घासत नाही ना, ते पाहा.

हे तिन्ही झाल्यावरही रोटर कमी पडतो का, याचा पुरावा हवा. त्यासाठी तापमान दाखवणारा रंग मिळतो. रोटरच्या बाहेरच्या कडेवर तीन रंगांचे ठिपके द्यायचे. नेहमीच्या संचात हिरवा सुमारे ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला पालटतो. ट्रॅकचे एक सत्र झाले की चाक काढून बघायचे. फक्त हिरवा गेला असेल, तर रोटर आरामात आहे आणि खरेदी थांबवा. लालही गेला असेल, तर मात्र जास्त वजनाचा, जास्त हवेचा रोटर घ्यायला खरे कारण मिळाले.

कोणता रोटर कशासाठी

साधा, गुळगुळीत, चांगल्या बिडाचा व्हेंटेड (आतून हवा जाणारा) रोटर कमी लेखला जातो. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्यांपैकी बरेच जण हाच वापरतात: वजन पूर्ण मिळते, तडे उशिरा येतात, आणि संपला की फेकून देताना जीव जळत नाही. 'हाय कार्बन' लिहिलेला मिळाला तर तो घ्या. त्यात ग्रॅफाइटचे प्रमाण जास्त असल्याने उष्णता वेगाने पसरते आणि आवाज-थरथर कमी राहते.

चरे पाडलेला, म्हणजे स्लॉटेड रोटर पॅडचा पृष्ठभाग सतत खरवडत राहतो. पॅडवर काचेसारखा थर जमत नाही, धूळ आणि पाणी बाहेर पडते, पेडलचा प्रतिसाद एकसारखा राहतो. बदल्यात पॅड थोडे लवकर झिजतात आणि जोरात ब्रेक मारताना हलकी गुरगुर ऐकू येते. ट्रॅकसाठी साध्यापेक्षा वेगळे काही घ्यायचेच असेल, तर हा घ्या.

भोके पाडलेला, म्हणजे ड्रिल्ड रोटर दिसायला सगळ्यांत देखणा. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटायचा, तो जाऊ देणे हा भोकांचा एक हेतू होता. आजच्या पॅडना त्याची गरज फारशी उरलेली नाही. पावसात पहिला ब्रेक थोडा लवकर धरतो आणि वजन जरा कमी होते, हे फायदे खरे. पण कमी झालेले वजन म्हणजे कमी झालेला उष्णतेचा साठा, आणि प्रत्येक भोकाच्या काठावर ताण एकवटतो. तडा तिथूनच निघतो. काही स्पोर्ट्स कार कारखान्यातूनच ड्रिल्ड रोटर घेऊन येतात. तिथे भोकांची जागा पाकळ्या पाहून ठरवलेली असते आणि काठांची धार मोडलेली असते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मालात साध्या रोटरला नंतर भोके मारलेली असतात. ते ओळखणे अवघड नाही. रोटर उभा धरा, बाहेरच्या कडेच्या फटीतून टॉर्चचा झोत टाका आणि आत बघा. भोक पाकळीच्या मधोमध गेले असेल, पाकळी अर्धी कापलेली दिसत असेल, तर तो रोटर परत करा. भोकाच्या काठावर बोट फिरवा. काठ धारदार लागला, चाम्फर (धार मोडून दिलेला उतार) नसेल, तरीही परत करा.

भोकेही आणि चरेही असलेला रोटर दोन्हीकडचे तोटे घेऊन येतो. शोसाठी ठीक.

दोन तुकड्यांचा रोटर मात्र वेगळीच गोष्ट आहे, आणि खरा परफॉर्मन्स रोटर म्हणायचा तर हाच. बिडाचे कडे वेगळे, हबवर बसणारी मधली टोपी ॲल्युमिनियमची, आणि दोन्ही बॉबिनने (थोडी हालचाल होऊ देणाऱ्या जोडपिनांनी) जोडलेली. ३३० मिलिमीटर व्यासाचे कडे ५०० अंशांनी तापले, की त्याचा व्यास जवळजवळ २ मिलिमीटरने वाढतो. एकसंध रोटरमध्ये मधली टोपी तेवढी तापत नाही, ती कड्याला धरून ठेवते आणि कडे एका बाजूला कलते. मग पॅड तिरके झिजतात, पेडलचा प्रवास वाढतो. तरंगत्या बॉबिनवर कडे मोकळेपणाने फुगते आणि सरळ राहते. वजनही एका चाकामागे किलो-दोन किलो उतरते. ते स्प्रिंगखालचे आणि फिरणारे वजन असल्याने गाडीला जाणवते. कडे संपल्यावर टोपी तीच ठेवून फक्त कडे बदलता येते. तोटे असे: थंड असताना खुळखुळ वाजू शकते, बॉबिन झिजतात, आणि ओल्या-खारट हवेत ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे भेटतात तिथे गंज धरतो. म्हणून रोजच्या, वर्षभर बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीला ते सोयीचे पडत नाहीत.

खरेदी करताना पाकळ्यांचा आकार विचारा. सरळ पाकळ्या दोन्ही दिशांना चालतात. वक्र पाकळ्या पंख्यासारखी हवा खेचतात, पण त्यांचा डावा-उजवा रोटर वेगळा हवा. दोन्ही बाजूंना एकच पार्ट नंबर आणि पाकळ्या वक्र असतील, तर एका चाकावर पाकळ्या उलट्या फिरणार.

मोठ्या व्यासाचा रोटर उष्णतेसाठी चांगला, पण त्याच्या मागे कॅलिपरचा ब्रॅकेट, कधी कॅलिपर आणि चाकही बदलावे लागते. शिवाय फक्त पुढचा व्यास वाढवला, की त्याच दाबाला पुढचे ब्रेक जास्त पकडतात आणि समतोल पुढे सरकतो. मागची चाके आपला वाटा उचलत नाहीत, म्हणून मोठे ब्रेक लावूनही थांबण्याचे अंतर वाढल्याची उदाहरणे होतात. किट घ्यायचेच तर पिस्टनचे क्षेत्रफळ त्या गाडीसाठी जुळवलेले घ्या.

कार्बन सिरॅमिक रोटर बिडाच्या जवळपास निम्म्या वजनाचे असतात, गंजत नाहीत, धूळ जवळजवळ टाकत नाहीत आणि रस्त्यावर फार काळ टिकतात. त्यांना त्यांचेच पॅड लागतात. सतत ट्रॅकवर तापवले, तर आतला कार्बन जळत जातो आणि जाडी तशीच राहून वजन घटते. म्हणूनच अनेकांवर किमान वजन कोरलेले असते. चाक काढताना ते कडेवर आपटले तर टवका उडतो. म्हणून हबमध्ये मार्गदर्शक पिन लावूनच चाक ओढायचे. गाडीला हे कारखान्यातून आले असतील आणि ट्रॅकवर जायचे असेल, तर ते काढून जपून ठेवणे आणि बिडाचा संच लावणे, हा मार्ग बरेच मालक घेतात. तो योग्यच आहे.

बसवताना

थरथरीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे असते. गाडी सपाट जागी उभी करा, जॅकवर भरवसा न ठेवता स्टँड लावा. कॅलिपर सोडल्यावर तो होजवर (ब्रेक ऑइलच्या लवचीक नळीवर) लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. जुना रोटर निघाला की हबचा चेहरा नीट बघा. स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या खुंट्यांच्या) मुळाशी आणि मधल्या कड्याभोवती गंजाची पापुद्री असते. समजा तिथे ०.०५ मिलिमीटरची कपची राहिली. हबचा चेहरा १४० मिलिमीटरचा आणि रोटर ३३० चा असेल, तर तीच चूक रोटरच्या कडेला ०.१२ मिलिमीटरची होते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण प्रत्येक फेरीत एकच उंचवटा पॅडला घासतो, काही हजार किलोमीटरमध्ये तिथली जाडी कमी होते किंवा पॅडचा थर चढतो, आणि जाडीतला ०.०२ मिलिमीटरच्या आसपासचा फरकही पेडलला कळू लागतो. म्हणून वायर ब्रशने, मग बारीक पॉलिश पेपरने हब चमकेपर्यंत घासा. ग्रीस थापू नका.

नव्या रोटरवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लिनरने दोन्ही बाजूंनी पुसा. चिंधी काळी यायची थांबेपर्यंत पुसा. राखाडी रंगाचे कोटिंग असेल तर ते खरवडायची गरज नाही, पॅडच्या जागेवरचे पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जाते.

दिशा चऱ्यांवरून ठरवू नका. सगळ्यांत जास्त चूक इथेच होते, कारण चरे समोर दिसतात आणि पाकळ्या आत लपलेल्या असतात. रोटर हबवर ठेवून वरच्या भागात कडेच्या फटीतून पाहा: पाकळीचे बाहेरचे टोक गाडीच्या मागच्या बाजूला झुकलेले हवे. चऱ्यांची दिशा प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते. रोटरवर डावा-उजवा लिहिलेले असेल, तर तेच अंतिम.

मग सगळे नट वॉशर घालून क्रॉस पद्धतीने आवळा. डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारे सुईचे मापक) नकलवर (हब ज्यात बसतो त्या न फिरणाऱ्या भागावर) घट्ट बसवून त्याची सुई बाहेरच्या कडेपासून १० मिलिमीटर आत टेकवा आणि रोटर हळू एक फेरा फिरवा. सुई ०.०५ मिलिमीटरच्या आत खेळली तर उत्तम. बहुतेक गाड्यांची मर्यादा ०.०५ ते ०.१० च्या दरम्यान असते, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. जास्त आला तर रोटर काढून एक स्टड पुढे फिरवून पुन्हा मोजा. पाच स्टडच्या हबवर पाच जागा मिळतात, आणि त्यातली एक बहुधा चांगली निघते. त्या जागेवर स्टडला आणि रोटरला खूण करून ठेवा. पुढच्या वेळी हा सगळा खटाटोप वाचेल.

कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. एकदा वापरून फेकायचे बोल्ट असतील तर नवे घ्या. चाकाचे नट इम्पॅक्ट गनने शेवटपर्यंत मारणे म्हणजे वर केलेली सगळी मापे मातीत घालणे. टॉर्क पाना वापरा, पहिल्यांदा अर्ध्या टॉर्कला, मग पूर्ण. गाडी जमिनीवर आणण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, कारण पिस्टन मागे सरकलेले असतात आणि पहिले दोन-तीन दाब रिकामेच जातात.

पॅड-रोटर बसवून घेणे

नव्या पॅडचा पातळ, एकसारखा थर रोटरवर चढवणे, याला बेडिंग म्हणतात. पॅडच्या उत्पादकाने दिलेली पद्धत असेल तर ती पाळा. नसेल तर मोकळ्या रस्त्यावर आधी ताशी ६० वरून चार-पाच हलके ब्रेक मारा. मग १०० वरून २० पर्यंत, एबीएस लागू न देता, आठ ते दहा जोरदार ब्रेक एकामागून एक मारा. मध्ये एकदाही पूर्ण थांबू नका. शेवटी दहा-पंधरा मिनिटे ब्रेक न वापरता चालवा. रोटरवर निळसर-राखाडी, सगळीकडे सारखा रंग आला म्हणजे काम झाले.

तापलेल्या रोटरवर पेडल दाबून थांबलात, तर पॅडचा ठसा तिथल्या तिथे छापला जातो. ट्रॅकवरून पिटमध्ये आल्यावर म्हणूनच हँडब्रेक ओढायचा नाही. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा. ठसा हलका असेल तर पुन्हा एकदा बेडिंग करून तो निघतो. पण ठशाची जागा सातशे अंशांच्या आसपास गेली, की तिथल्या बिडात लोहाचे अतिकठीण कार्बाइड बनते. तो डाग आजूबाजूइतका झिजत नाही, उंच राहतो, अजून तापतो, अजून वाढतो. मशीनवर पृष्ठभाग घासून घेतला तरी तो खोलवर उरतो आणि थरथर परत येते. असा रोटर बदलावाच लागतो.

तपासणी

प्रत्येक ट्रॅक दिवसानंतर, रोटर हाताला गार लागल्यावर, बघा. मायक्रोमीटरने कड्यावर आठ ठिकाणी जाडी मोजा. व्हर्नियर इथे फसवतो, कारण बाहेरच्या कडेला न झिजलेली धार उरते आणि व्हर्नियर तीच मोजतो. किमान जाडी रोटरवर कोरलेली असते, आणि ती नव्या जाडीपेक्षा साधारण २ मिलिमीटरनेच कमी असते. ट्रॅकसाठी त्या आकड्यापर्यंत वाट पाहू नका. झिजलेले कडे म्हणजे हलके कडे, ते आधीच जास्त तापू लागलेले असते.

पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. त्या उष्णतेच्या आहेत, नख फिरवल्यावर अडकत नसेल तर वापर चालू ठेवा. नख अडकले, तर पुढच्या दिवशी लक्ष ठेवायचे नसते, रोटर उतरवायचा असतो. तडा बाहेरच्या किंवा आतल्या कडेपर्यंत पोचला असेल, किंवा एका भोकातून दुसऱ्या भोकात गेला असेल, तर त्या गाडीवरून घरी जाणेही टाळा. दोन तुकड्यांच्या रोटरमध्ये कडे हाताने हलवून बघा: थोडी ढिलाई ठीक, पण बॉबिनच्या खाचेला पायरी पडलेली दिसली तर बॉबिन बदला. एका बाजूचा रोटर गेला तर त्याच ॲक्सलचा दुसराही सोबत बदला, नाहीतर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढेल.